सूत, सुई आणि सेवाधर्म



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत देवळाची पायाभरणी, घंटा, शाळा आणि आजवर येथें सेवा करून गेलेले धर्मगुरु यांविषयीं इतरांनीं सविस्तर लिहिलेंच आहे. आम्हीं मात्र एका लहानशा वस्तूचा इतिहास सांगावयाचें योजिलें आहे. ती वस्तु म्हणजे आपल्या मुख्य वेदीवरील वस्त्राची विणलेली किनार. विषय क्षुल्लक आहे, असें प्रथमदर्शनीं कोणास वाटेल. परंतु जिच्याकडे आपण सर्वांनीं वर्षानुवर्षें गुडघे टेकून पाहिलें, आणि तरीही जी आपणांस कधीं दिसली नाहीं, तिची हकीकत एकदां तरी लिहून ठेविली पाहिजे. शिवाय या हकीकतींत आमचा स्वतःचा एक अपराध आहे; तो महोत्सवाच्या वर्षीं कबूल करणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

पवित्र शास्त्रांत सूत आणि वस्त्र यांचा मान थोडा नाहीं. निर्गमाच्या पुस्तकांत देवाच्या निवासमंडपाची कथा आहे. त्या मंडपासाठीं निळें, जांभळें व किरमिजी सूत इस्राएलाच्या कुशल स्त्रियांनीं आपल्या हातांनीं कांतून आणिलें, असें तेथें नमूद आहे. मुख्य कारागीर जो बसालेल, त्याला परमेश्वरानें कौशल्य दिलें, इतकेंच सांगून शास्त्रकर्ता थांबत नाहीं. तें दुसऱ्यांस शिकविण्याची बुद्धिही त्याच्या अंतःकरणांत घातली, असें तो मुद्दाम लिहितो. म्हणजे कला येणें ही एक देणगी आणि ती दुसऱ्याच्या हातीं देतां येणें ही दुसरी देणगी. प्रेषितांच्या कृत्यांत यापो नगरांतील टबीथा मरण पावली, तेव्हां तिच्या पुण्यकर्मांची यादी कोणीं वाचून दाखविली नाहीं. विधवांनीं तिनें शिवलेले अंगरखे व वस्त्रें पेत्रापुढें धरलीं आणि त्या रडत उभ्या राहिल्या. हातानें केलेल्या कामाची याहून मोठी साक्ष आम्हांस माहीत नाहीं.

आतां आपल्या विषयाकडे वळूं. लेस हा शब्द आपल्या भाषेंत रुळून गेला आहे. विणलेल्या कापडाचा आधार न घेतां केवळ दोऱ्याच्या फासांनीं जी जाळी उभी राहते, ती लेस. युरोपांत ही कला सोळाव्या शतकांत व्हेनिस आणि फ्लँडर्स येथें बहरास आली. तिच्या मुख्य रीति दोन. एक सुईनें टाक्यावर टाका घालून करावयाची. दुसरी, गादीवर टांचण्या टोंचून लहान लांकडी रिळांवरचे दोरे एकमेकांत गुंफून करावयाची. आपल्या बायका आंकड्याच्या सुईनें जें क्रोशाचें काम करतात, तें या दोहोंहून अलीकडचें असून त्याचा प्रसार मुख्यत्वें एकोणिसाव्या शतकांत झाला.

या कलेच्या इतिहासांत आरंभापासून दोन प्रवृत्ति एकमेकींशीं झगडतांना दिसतात. एक विद्या झांकून ठेवणारी, दुसरी वाटून टाकणारी. १६६५ सालीं फ्रान्सचा मंत्री कोल्बेर यानें व्हेनिसमधून लेस करणाऱ्या कुशल स्त्रिया आणवून आपल्या देशांत त्या कामाचे कारखाने उभारले, तेव्हां व्हेनिसचे सत्ताधीश खवळले. आपल्या मालकीची तिजोरी कोणीं फोडावी, तसें त्यांस वाटलें. परंतु त्यापूर्वीं सुमारें शंभर वर्षें, १५६१ च्या सुमारास, स्वित्झर्लंडांतील झुरिक शहरीं एका स्त्रीनें रिळांच्या लेसच्या नमुन्यांचें एक पुस्तक छापविलें होतें. ही कला १५३६ सालीं व्यापाऱ्यांबरोबर इटलींतून आपल्या देशांत आली, असें तिनें त्यांत लिहिलें आहे. पुस्तकावर आर. एम. एवढींच अक्षरें आहेत. ज्यांनीं विद्या दडविली त्यांचीं राज्यें गेलीं. जिनें विद्या वांटली तिचें नांवही मागें राहिलें नाहीं, पण नमुने राहिले.

लेस करणाऱ्यांना स्वर्गांत एक कैवारी संतही आहे, हें आपल्यापैकीं पुष्कळांस ठाऊक नसेल. संत जॉन फ्रान्सिस रेजिस हे येशूसंघाचे धर्मगुरु फ्रान्सच्या डोंगराळ मुलखांत ल प्युई या शहरीं काम करीत होते. त्या प्रांतांतील हजारों गरीब स्त्रियांचें पोट लेसवर चाले. १६४० सालीं तुलूजच्या न्यायसभेनें लेस वापरण्यास मनाई केली. कारण असें दाखविलें गेलें, कीं लहानथोर सर्वच लेस घालूं लागल्यामुळें कुलीन कोण व सामान्य कोण हें ओळखतां येत नाहीं. हुकूम निघतांच स्त्रियांच्या चुली विझल्या. संत रेजिस यांनीं त्यांना नुसतें धीर धरा म्हणून सांगितलें नाहीं. हुकूम रद्द व्हावा म्हणून त्यांनीं खटपट केली आणि तो रद्द झाला. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशीं ते निवर्तले. १७३७ सालीं ख्रिस्तसभेनें त्यांस संतपद दिलें. धर्मगुरूचें काम उपदेशानें संपत नाहीं, हा धडा आम्हीं त्यांच्या चरित्रांतून घेतला. तो वेळेवर आठवला नाहीं, हें पुढें येईलच.

१८०९ सालीं इंग्लंडांत जॉन हीथकोट यानें जाळी विणणाऱ्या यंत्राचा हक्क मिळविला आणि हातच्या कामाला उतरती कळा लागली. परंतु हातच्या लेसचा अत्यंत हृदयद्रावक अध्याय यानंतरचाच आहे. १८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्याच्या पिकावर रोग पडला. पुढील कांहीं वर्षांत सुमारें दहा लक्ष माणसें भुकेनें व रोगानें मेलीं आणि जवळजवळ तितकींच देश सोडून गेलीं. कॉर्क परगण्यांत यॉल नांवाचें एक बंदर आहे. तेथील प्रेझेंटेशन मठांतील मदर मेरी ॲन स्मिथ यांच्यापाशीं इटलीच्या जुन्या लेसचा एक तुकडा होता. उपाशी मुलींना कांहीं धंदा शिकवावा ही त्यांची तळमळ. पण तो तुकडा कसा केला हें सांगणारें कोणी नव्हतें. तेव्हां त्यांनीं तो टाका टाका करून उसविला. प्रत्येक दोरा कोठून आला व कोठें गेला हें नीट पाहून घेतलें, तसाच टाका स्वतः घालून पाहिला, आणि हात बसल्यावर ज्या मुलींची बोटें सुईला सरावलीं होतीं त्यांना जवळ बसवून शिकविलें. १८५२ सालीं तेथें लेसची रीतसर शाळा सुरू झाली. पुढें १९११ सालीं इंग्लंडच्या मेरी राणीसाठीं याच गांवच्या कारागीर स्त्रियांनीं लेसचा लांब पदर तयार केला. एक सुंदर वस्तु हातानें मोडावी लागली, म्हणून हजारों वस्तु झाल्या. गव्हाच्या दाण्याविषयीं प्रभु येशूनें जें सांगितलें, त्याचें हें उदाहरण आम्ही प्रवचनांत अनेकदां दिलें आहे.

आयर्लंडांतच क्लोन्स या गांवीं १८४७ सालीं तेथील प्रॉटेस्टंट धर्मगुरूंच्या पत्नी कासांड्रा हँड यांनीं क्रोशाचें काम सुरू करविलें. सुईच्या लेसपेक्षां तें लवकर उरके, म्हणून भुकेल्या घरांत लवकर पैसा आणी. पण तेथें एक निराळीच रीत पडली. एका घराचा गुलाब, दुसऱ्या घराचें पान, असे नमुने ज्याच्या त्याच्या कुटुंबांत राखले जाऊं लागले. शेजारीण आली कीं विणकाम झांकून ठेवावयाचें! या बायकांस आम्ही दोष देत नाहीं. ज्याच्या घरांत एकच भाकरी आहे, तो ती उघड्यावर ठेवीत नाहीं. तथापि घर संपलें कीं नमुनाही संपे, हेंही तितकेंच खरें.

आपल्या देशांत ख्रिस्ती स्त्रियांच्या हातकामाचें एक जुनें स्थान म्हणजे जुन्या गोव्यांतील सांता मोनिका मठ. त्याचा पाया १६०६ सालीं घातला गेला. आज तेथें ख्रिस्ती कलेचें संग्रहालय आहे आणि कशिद्यानें नटलेलीं जुनीं धर्मवस्त्रें तेथें पाहावयास मिळतात. परंतु लेस गरिबांच्या घरांत शिरली ती दक्षिणेच्या टोंकाकडे. नागरकोइल येथें १८१९ सालीं लंडन मिशनचे मॉल्ट दांपत्य आलें. मार्था मॉल्ट यांनीं मुलींसाठीं शाळा काढून त्यांना लेस शिकविली. त्या काळीं त्रावणकोरांत माणसांची खरेदीविक्री कायदेशीर होती. ती बंद झाली १८५५ सालीं. लेसच्या कमाईवर कांहीं मुलींनीं आपली दास्यांतून सुटका करून घेतली, असें मिशनच्या जुन्या वृत्तांतांत सांगितलें आहे. ज्या नाडार स्त्रियांना अंगावर वरचें वस्त्र घेण्याचीही बंदी होती, त्यांना १८५९ च्या जाहीरनाम्यानें तो हक्क मिळाला. त्या झगड्याच्या मुलखांतच हें सुईकाम वाढलें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. ही मंडळी आमच्या पंथाची नव्हती. परंतु सत्कृत्याला पंथ विचारण्याची आमची रीत नाहीं.

त्याच भागांत मुळगुमूडु या गांवीं १८९७ च्या नोव्हेंबरांत बेल्जममधून मदर मारी लुईज द मेस्टर आल्या. त्यांचा मूळचा मठ ईप्र या शहरीं होता, आणि तो प्रांत लेसविषयीं जगप्रसिद्ध. मुळगुमूडु येथील अनाथ मुलींना त्यांनीं व त्यांच्या भगिनींनीं अक्षरांबरोबर लेस व कशिदा शिकविला. फ्लँडर्सच्या थंडींत जन्मलेली कला ताडामाडांच्या सांवलींत बसून तामीळ बोलणाऱ्या मुलींच्या बोटांत उतरली. आपल्याकडेही पंडिता रमाबाईंनीं केडगांवच्या मुक्तिसदनांत आणि रमाबाई रानडे यांनीं १९०९ सालीं सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनांत निराधार स्त्रियांच्या हातीं हातकाम दिलें, तें याच विचारानें. विधवेच्या हातांत चार पैसे आले कीं तिच्याशीं बोलणाऱ्याचा स्वर बदलतो, हें त्यांनीं ओळखलें होतें.

येथें इतिहास संपविला असता, तर लेख गोड झाला असता. पण इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आंध्रांत गोदावरीच्या मुखाशीं नरसापूर आहे. तेथेंही मिशनऱ्यांनींच एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लेस आणिली आणि घरोघर क्रोशा पोंचला. मारिया मीस या जर्मन विदुषीनें तेथें राहून अभ्यास केला व १९८२ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तिला काय दिसलें? हजारों स्त्रिया स्वयंपाकपाणी, मुलेंबाळें सांभाळून रोज सहा ते आठ तास विणीत. माल परदेशीं जाई. व्यापारी गबर होत. विणणारीच्या पदरीं कायद्यानें ठरलेल्या मजुरीहून पुष्कळच कमी पडे. आणि शिरगणतींत तिचें नांव कामकऱ्यांत नसे. ती घरांत बसून फावल्या वेळीं विणणारी गृहिणी, असें सर्वांनीं धरून चालावें. २०२४ सालीं नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालें. मालाला नांव मिळालें याचा आनंद आहे. ज्या बोटांनीं तें मिळविलें त्यांना दाम मिळाला कीं नाहीं, हा प्रश्न मानांकनानें सुटत नाहीं. तेराव्या लिओ पोपमहाराजांनीं १८९१ च्या आपल्या परिपत्रांत कामकऱ्याला न्याय्य मजुरी न देणें हें महापाप म्हणून सांगितलें. तें गिरणीच्या दारापाशीं संपत नाहीं; ओटीवर बसलेल्या बाईपर्यंत तें पोंचतें.

आतां आमच्या अपराधाविषयीं. आम्ही या धर्मग्रामांत आलों तेव्हां वेदीवर तागाचें वस्त्र असे आणि त्याला हातभर रुंदीची क्रोशाची किनार. दर खेपेस तें हातानें धुवावें, तांदुळाची कांजी द्यावी, किनार टांचण्यांनीं ताणून सुकवावी, मग इस्त्री. हा खटाटोप आम्हांस अनाठायीं वाटला. व्हॅटिकन महासभेनेंही उपासनेंत डामडौलापेक्षां उदात्त सौंदर्य शोधावें असें १९६३ सालीं म्हटलें आहे, हें आम्ही गुरुकुलांत शिकलों होतों. तें वचन आम्हीं आपल्या सोयीला जोडलें, आणि बाजारांतून यंत्रावर केलेलें नायलॉनचें वस्त्र आणविलें. तें धुतलें कीं सुकतें. जुनें वस्त्र कोठें गेलें याची आम्हीं विचारपूसही केली नाहीं. उदात्त सौंदर्य कोणतें आणि डामडौल कोणता, हें ओळखण्यांत आमची चूक झाली.

महोत्सवाच्या तयारीसाठीं घरोघरचीं जुनीं छायाचित्रें मागविलीं, तेव्हां सारा गांव जिला मावशी म्हणतो ती वृद्ध बाई एक पिशवी घेऊन आली. पिशवींत तें वस्त्र होतें, कडुनिंबाचा पाला घालून जपलेलें. आम्ही खजील झालों. तिनें रागाचा एक शब्दही काढला नाहीं. मेजावर किनार पसरून ती एखाद्या वहीसारखी वाचूं लागली. नमुना द्राक्षांच्या घोसांचा व गव्हाच्या लोंब्यांचा. सारें काम चौकटींचें. एक खांब, दोन साखळ्या, पुन्हा खांब, कीं रिकामी चौकट झाली. साखळ्यांच्या जागीं खांब भरले कीं भरीव झाली. भरीव चौकटींचींच द्राक्षें. "फादर, येथवर माझ्या आईचा हात. आई घट्ट विणी. येथून पुढें मी," ती म्हणाली. एका घोसांत एक द्राक्ष कमी होतें. तिनें त्यावर बोट ठेविलें. "वीज गेली होती. कंदिलाच्या उजेडांत मोजणी चुकली. मी उसवायला निघालें, तर आई म्हणाली, राहूं दे, देव कांहीं चौकटी मोजीत नाहीं."

आम्हीं तिला विचारलें, कीं हा नमुना आणखी कोणास येतो? ती म्हणाली, आतां कोणास नाहीं. मग तूं कोणास शिकविला कां नाहींस? ती क्षणभर थांबली. "मला कोणीं विचारलेंच नाहीं, फादर."

तें उत्तर आमच्या मनांतून आजवर गेलेलें नाहीं. क्लोन्सच्या बायकांनीं नमुने लपविले. येथें कोणीं लपविलें नव्हतें. आम्हीं विचारलें नाहीं, एवढ्यानेंच एक विद्या मरावयास टेकली होती.

पुढील शनिवारीं दुपारीं शाळेच्या ओट्यावर मावशी येऊन बसली. पहिल्या दिवशीं पांच जणी आल्या. पुढें चौदा झाल्या. दोन मुलगेही येतात. यॉलच्या मदरप्रमाणें जुनी किनार उसवावी लागली नाहीं. आठवींतल्या एका मुलानें चौकटी मोजून सारा नमुना आलेखाच्या कागदावर उतरविला. चुकलेलें द्राक्ष चुकलेलेंच ठेविलें. तो कागद आतां कचेरींत आहे. ज्यास हवा त्यानें उतरून घ्यावा.

एक अडचण मात्र आली, ती सांगितली पाहिजे. आपल्यांतली एक भगिनी विणकामावरच घर चालविते. तिच्यापाशीं तिचे स्वतःचे नमुने आहेत. तिनें ते शिकवावे असा इतरांचा आग्रह पडला, ती गप्प राहिली, कुजबुज झाली. आम्हीही प्रथम मनांत तिलाच दोष दिला. नंतर नरसापूर आठवलें. जी सणासुदीला हौसेनें विणते आणि जी पोटासाठीं विणते, त्यांना एकच माप लावणें हा न्याय नव्हे. तेव्हां सर्वांनीं मिळून ठरविलें, कीं देवळाचें काम सेवा म्हणून करावें, विकावयाच्या कामाचें मोल तासांवर धरावें, आणि ज्याचा नमुना त्याच्या इच्छेवांचून कोणीं मागूं नये. यानंतर महिनाभरानें तीच भगिनी आपण होऊन पुढें आली आणि किनारीचा कोपरा सुरकुती न पडतां कसा वळवावा, हें तिनें सर्वांस दाखविलें. तें तोंवर मावशीलाही येत नव्हतें. मावशी तिच्याशेजारीं बसून शिकली.

धर्मबंधूंनो व भगिनींनो, महोत्सवाच्या मिस्साबलीच्या दिवशीं वेदीवर नवें तागाचें वस्त्र असेल आणि त्याला तीच जुनी किनार शिवलेली असेल. जुन्या टोंकास जोडून नव्या हातांनीं विणलेल्या कांहीं चौकटी तुम्हांस दिसतील. त्या थोड्या सैल आहेत, एके ठिकाणीं वांकड्याही आहेत. त्या तशाच ठेवाव्या, असें आम्हींच सांगितलें. घट्ट हात, मधला हात, सैल हात, असे तीन पिढ्यांचे हात एका दोऱ्यानें जोडलेले तेथें पाहा, आणि प्रार्थना करतांना ज्यांचीं नांवें कोठेंही लिहिलेलीं नाहींत त्या स्त्रियांचें स्मरण करा. आपल्या घरीं कोणा वृद्धेच्या पेटींत अशी एखादी विद्या घडी घालून ठेविलेली असेल, तर आजच तिच्यापाशीं जाऊन बसा आणि विचारा. तिचें जें मोल असेल तें द्या, आणि जें मोलानें देतां येत नाहीं तेंही द्या. जो परमेश्वर कौशल्य देतो आणि तें शिकविण्याची बुद्धिही देतो, तो आपल्या सर्वांच्या हातांच्या कामाला आशीर्वाद देवो.